‘पहिला संगणक’ कोणता? : एका प्रश्नाची चिकित्सा

संगणकाच्या इतिहासाविषयी विद्यार्थी वारंवार विचारतात तो प्रश्न म्हणजे ‘जगातील पहिला संगणक कोणता?’ हा होय. याचे रूढ उत्तर ‘एनिॲक’ असे आहे. ते खरे की खोटे हे ठरविण्यापूर्वी मूळ प्रश्नच कितपत नेमका आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

कोन्राड झूझे याने बर्लिन येथे १९४१ साली सिद्ध केलेले ‘झेड-३’ हे यंत्र आज्ञावलीनुसार आपोआप चाले. परंतु ते विद्युत्-चुंबकीय रिलेंवर आधारलेले होते, इलेक्ट्रॉनिक नव्हते. अमेरिकेतील आयोवा येथे अटानासॉफ व बेरी यांनी १९३९ ते १९४२ या काळात उभारलेले यंत्र इलेक्ट्रॉनिक खरे. तथापि एकसामयिक समीकरणे सोडविणे एवढेच त्याचे कार्य. सुमारे १८,००० निर्वात नलिकांचा एनिॲक १९४६ च्या फेब्रुवारीत लोकांसमोर आला. तो इलेक्ट्रॉनिक होता व नानाविध गणिते करू शके. पण प्रत्येक नव्या गणितासाठी त्याच्या तारांची जोडणी बदलावी लागे. आज्ञावली यंत्राच्याच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवून ती चालविण्याचा मान मँचेस्टर येथील लहानशा प्रायोगिक यंत्राकडे जातो (२१ जून १९४८). सारांश, व्याख्या बदलताच ‘पहिला’ही बदलतो.

हा वाद न्यायालयाने मिटविला, असाही एक समज आहे. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायमूर्ती अर्ल लार्सन यांनी एनिॲकचे पेटंट रद्द ठरविले व त्यामागील कल्पना अटानासॉफकडून आल्याचे नमूद केले, हे खरे. परंतु न्यायालयापुढील प्रश्न पेटंटच्या वैधतेचा होता, इतिहासाचा नव्हे. अर्ज करण्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ यंत्राचा उघड वापर झाला होता, हेही पेटंट रद्द होण्याचे एक कारण होते. शिवाय १९४४ पासून इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्यास साहाय्य करणारे ‘कोलोसस’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र त्या दिवशीही शासकीय गोपनीयतेच्या पडद्याआड होते. त्याची माहिती १९७५ पासून क्रमाक्रमाने प्रकट होऊ लागली. म्हणजे अग्रमानाचा निर्णय उपलब्ध पुराव्यावर अवलंबून असतो, आणि पुरावा उपलब्ध असणे हे पुष्कळदा सत्तेच्या इच्छेवर.

भारतासंबंधीही असाच घोटाळा आढळतो. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली आलेले एचईसी-२एम हे यंत्र ब्रिटनमधून आणलेले होते. उलट, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेले आणि १९६२ साली ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेले यंत्र येथेच रचले गेले. ‘भारतात आलेला’ आणि ‘भारतात घडविलेला’ यांतील भेद न पाळल्यास एका संस्थेचे श्रेय नकळत दुसरीच्या पदरात पडते.

म्हणून अभ्यासकाने ‘पहिला कोणता?’ असे न विचारता ‘कोणत्या अर्थाने पहिला, आणि कोणत्या पुराव्यावरून?’ असे विचारावे. असे विचारल्याने एका नावाचे सुटसुटीत उत्तर हाती लागत नाही. पण ज्यांचे काम युद्धात नष्ट झाले वा गोपनीयतेत दडले, त्यांच्यावर अन्याय होत नाही.