गादी, तक्क्या आणि उशी : खानदेशातील एका मऊ वस्तूचा इतिहास

मराठीत मऊ वस्तूंसाठी शब्दांची मुळीच टंचाई नाही. गादी, गिरदी, लोड, तक्क्या, रजई, दुलई, उशी हे सारे शब्द एकाच कापसाचे संसार आहेत. परंतु या शब्दांचे भाग्य सारखे नाही. ‘गादी’ हा शब्द थेट राजकारणात गेला. सातारची गादी, कोल्हापूरची गादी असे आपण म्हणतो. गादीवरून तंटे झाले, गादीला दत्तक घेतले गेले. मठाला गादी असते, पेढीलाही असते. उशीला मात्र असा वारसा नाही. उशीवरून कोणी वारसाहक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही. इतिहासाने गादीची नोंद ठेवली आणि उशी घरातच राहू दिली. कापसाच्या प्रदेशात, म्हणजे आपल्या धुळे-जळगावच्या खानदेशात, या फरकाला केवळ भाषिक अर्थ नाही. कापूस कोणी पिकवला आणि त्यावर डोके कोणी टेकले, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘उशी’ आणि ‘उसे’ हे शब्द संस्कृत ‘उच्छीर्षक’ या शब्दापासून प्राकृतातून आले. शीर्ष म्हणजे मस्तक. ते उंच धरणारे ते उच्छीर्षक. गुजरातीतील ‘ओशीकुं’ हे याच कुळातले. ‘उशाशी’, ‘उशाला’, ‘उसे-पायथे’ ही रूपे दाखवतात की मराठीत उसे ही केवळ वस्तू नाही, तर दिशा आहे. अंथरुणाला डोक्याची बाजू असते आणि पायाची बाजू असते, आणि त्या दोन बाजूंना मान वेगवेगळा असतो. याउलट ‘तक्क्या’ आणि ‘गिरदी’ हे शब्द फारसीच्या मार्गाने आले. तक्क्या म्हणजे टेकण्याचा आधार. फकिराच्या ठिकाणालाही याच अर्थविस्ताराने तक्क्या म्हणतात. फारुकी सुलतानांची राजवट आणि १६०१ मध्ये अशीरगड पडल्यानंतरची मोगल सुभेदारी असा दीर्घ काळ खानदेशाने फारसीच्या छायेत काढला. दरबारी बैठकीची परिभाषा फारसीतून यावी, यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्या गोष्टीचे. हिंदीत ‘तकिया’ हा शब्द झोपण्याच्या उशीलाही लागू झाला. मराठीने मात्र दोन कामे वेगळी ठेवली. बसून टेकायचा तो तक्क्या, निजून डोके ठेवायची ती उशी. एक जागेपणाची आणि अधिकाराची वस्तू, दुसरी निद्रेची.

ही विभागणी जुन्या वाङ्मयातही अंधूकपणे दिसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्येच्या विवाहसूक्तात उशीला ‘उपबर्हण’ म्हटले आहे आणि पतिगृही निघालेल्या वधूच्या त्या उपबर्हणाच्या जागी कवीने चित्तवृत्तीची योजना केली आहे. विचारालाच उशी करण्याची ही कल्पना आपल्या परंपरेत किती प्राचीन आहे, हे पाहण्यासारखे आहे. महाभारतात उशी दोन निर्णायक प्रसंगी येते. उद्योगपर्वात निद्रिस्त कृष्णाच्या उशाशी दुर्योधन बसतो आणि पायथ्याशी अर्जुन उभा राहतो. जाग आल्यावर कृष्णाची दृष्टी आधी पायथ्याकडे जाते आणि युद्धाचा तोल तेथेच ढळतो. भीष्मपर्वात शरशय्येवर पडलेल्या भीष्मांचे मस्तक लोंबकळू लागते तेव्हा राजे लोक मऊ, मौल्यवान उशा घेऊन धावतात. भीष्म त्या नाकारतात. अर्जुन तीन बाण मारून त्यांच्या मस्तकाला आधार देतो. शय्येला साजेशी उशी हवी, हा त्या प्रसंगाचा आशय आहे. दुसऱ्या टोकाला वात्स्यायनाचा नागरक आहे. त्याच्या शयनीयाला दोन्ही टोकांना उशा, मध्ये किंचित खोलगट मऊपणा आणि वर शुभ्र आच्छादन असावे, असे कामसूत्र सांगते. उशांची संख्या आणि मांडणी हा सुसंस्कृतपणाचा भाग आहे, याची ही स्पष्ट जाणीव म्हटली पाहिजे.

खानदेशाच्या वेशीवर या दोन्ही टोकांचा पुरावा दगडात आणि रंगात उपलब्ध आहे. जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या अभ्यासकाने चित्रांइतकेच कोठड्यांकडेही लक्ष द्यावे. बाराव्या क्रमांकाच्या जुन्या विहारात प्रत्येक कोठडीत भिक्षूंसाठी दोन-दोन पाषाणशय्या कोरलेल्या आहेत. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंच्या उशीचा नियम आहे. वृक्षाचा, वेलीचा व गवताचा असा तीन प्रकारचा कापूस उशीत भरण्यास अनुमती आहे. पण अर्ध्या शरीराएवढी मोठी उशी वापरण्यास मनाई असून ती मस्तकाच्या मापाचीच असावी, असा दंडक आहे. कापूस भरलेली गादी तर भिक्षूला वर्ज्यच. म्हणजे गादी नाकारणाऱ्या व्यवस्थेनेही उशी नाकारली नाही, फक्त तिचे माप ठरवले. सोळाव्या लेण्यातील ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्रात मात्र राजस्त्री मंचकावर उशीवर डावा हात टेकून बसली आहे, मागून दासीने तिला सावरले आहे. दुःखाच्या त्या क्षणी उशी आहे, पण तिच्याने सावरणे होत नाही; माणसाचाच हात लागतो. एकाच डोंगरात कोरलेल्या या दोन जगांतील अंतर उशीच्या मापानेही मोजता येते.

आता कापसाकडे वळू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या कारभारात धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरची नजर मुंबई इलाख्यातील काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. सरकी काढण्याचे आणि गाठी दाबण्याचे कारखाने उभे राहिले. गाठीतला कापूस शुद्ध असावा, त्यात भेसळ होऊ नये म्हणून १८६३ मध्ये मुंबई सरकारने खास कायदा केला. गाठीच्या शुचितेची एवढी काळजी राज्यसंस्थेने वाहिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या उशीत काय जाते, हा प्रश्न कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येणे शक्यच नव्हते.

कारण नगदी पिकाचा स्वभावच असा की ते घरात थांबत नाही. आजच्या प्रमाण गाठीत १७० किलो रुई असते. एका उशीला दीड किलो रुई धरली तर एका गाठीत शंभराहून अधिक उशा मावतात. पण शेतकरी उशांचा हिशेब करीत नाही, क्विंटलच्या भावाचा करतो. चांगला, पांढराशुभ्र कापूस बाजारात जातो; मागे राहतो तो डागाळलेला, पिवळट पडलेला किंवा फरदडीचा. घरच्या उशीत अनेकदा हाच गेला, नाहीतर जुन्या लुगड्या-धोतरांच्या चिंध्या गेल्या. ज्याला तेही नाही त्याच्यासाठी मराठीने एक शब्दप्रयोग राखून ठेवला आहे : हाताची उशी. दिवसभर वेचणी करणाऱ्या मजूर बाईने बांधावर क्षणभर डोळा लावायचा तो हाताच्या उशीवर. आणि ज्या पेढीवर तो कापूस मोजला जायचा, तेथे मात्र शुभ्र चादरीची गादी आणि पाठीला लोड-तक्के. कापूस विकणारा खाली बसे, कापूस घेणारा कापसावर बसे. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण अलीकडच्या काळात पाण्याच्या संदर्भात रूढ झाली. खानदेशात कापसाच्या बाबतीत तिचा अर्थ कितीतरी आधीपासून लागू होता. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत कापसाचे बोंड येते ते सौंदर्यवस्तू म्हणून नव्हे, तर आपले काम करणाऱ्या वस्तूचे उदाहरण म्हणून. त्या दृष्टीमागे असोद्याच्या शेतातला हाच अनुभव आहे.

या शेत-पेढी-घर साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे पिंजारी. खांद्यावर कमान टाकून तो गल्लीतून फिरे. कमानीला ताणून बांधलेली आतड्याची तात, तिच्यावर आघात करणारा लाकडी ठोकळा आणि त्यातून उठणारा एकसुरी झंकार. अंगणात उशी उसवली जाई, दबून गोळे झालेला कापूस तातेच्या कंपनाने मोकळा होई, धूळ व कचरा खाली पडे आणि तोच कापूस दुप्पट फुगून पुन्हा खोळीत जाई. अनेक पिंजारी कुटुंबे स्वतःला मन्सुरी म्हणवतात. इसवी सन ९२२ मध्ये बगदादला देहदंड झालेल्या सूफी मन्सूर अल्-हल्लाजच्या नावातील ‘हल्लाज’ या शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा असा आहे. उत्तरेतील संत दादू दयाळ हेही परंपरेने पिंजारीच मानले जातात. गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे की खादीच्या आरंभकाळात सूत कातण्याइतकीच अडचण पेळूंची होती. पिंजणारा मिळाला तेव्हा त्याने महिना ३५ रुपये मागितले आणि ते त्यांना जास्त वाटले नाहीत. ही किंमत केवळ श्रमाची नव्हती, कौशल्याची होती.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर अडचण उभी राहते ती येथेच. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुनी दप्तरे, बाडे, हस्तलिखिते तेथे जपली गेली. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले म्हणून आपण घराण्यांचा इतिहास लिहू शकतो. उशीचे मात्र दप्तर होत नाही. ती काही वर्षांनी उसवली जाते, पिंजली जाते, नव्या खोळीत भरली जाते. आजीच्या उशीतला कापूस नातवाच्या उशीत जातो आणि त्यावर कोणतीही तारीख राहत नाही. जी वस्तू सतत नव्याने घडते तिची जुनी प्रत उरत नाही. म्हणून तिचा इतिहास भाषेतूनच शोधावा लागतो. आणि हे काम मूलतः साहित्याच्या अभ्यासकाचे आहे.

या भाषेत घरगुती शास्त्रही साठलेले आहे. उन्हाळ्यात गच्चीवर उशा वाळत घालण्याची पद्धत म्हणजे केवळ स्वच्छतेचा सोपस्कार नव्हे. कापसाचा तंतू घामाचा ओलावा धरतो आणि वजनाखाली दबून गोळा होतो. धुळ्याच्या कडक उन्हात तो ओलावा निघून जातो व उशी पुन्हा उभारी धरते. सातपुड्यातील सावरीचा कापूस याहून वेगळा. त्याचा तंतू पोकळ, गुळगुळीत व मेणचट असल्याने त्याचे सूत नीट निघत नाही, पण तो हलका आणि ओलावा न धरणारा असल्याने उशीसाठी उत्तम. उंचीबाबतही जुन्या घरात विवेक होता : उताणे निजणाऱ्याला पातळ उशी, कुशीवर निजणाऱ्याला खांदा व कान यांतील अंतर भरून काढणारी जाड उशी, गुडघे दुखणाऱ्याला दोन गुडघ्यांमध्ये आणखी एक. मान पाठीच्या कण्याच्या रेषेत राहावी, हे आजचे वैद्यकही सांगते. मात्र सर्वच परंपरा जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. तान्ह्या बाळाच्या डोक्याला आकार यावा म्हणून त्याला मोहरीच्या उशीवर निजवीत. परंतु वर्षाच्या आतील बाळाजवळ गुदमरण्याच्या धोक्यामुळे कोणतीही उशी ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ आज स्पष्टपणे सांगतात. परंपरेचा अभ्यास म्हणजे परंपरेची भलामण नव्हे, एवढे भान येथे ठेवलेच पाहिजे.

आज कापसाच्या याच जिल्ह्यांतील दुकानांत पॉलिएस्टरच्या तंतूंनी भरलेल्या उशा मिळतात. १९६६ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संशोधनात विमानाच्या आसनांसाठी तयार झालेला मेमरी फोमही येथवर आला आहे. या उशा पिंजाव्या लागत नाहीत. दबल्या की टाकून द्यायच्या. स्वस्ताई आणि सोय यांविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. शिवाय ज्या घरात पूर्वी चिंध्यांची उशी होती, तेथे आज निदान धड उशी आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण यंत्राने पिंजण सुरू झाल्यापासून कमान अडगळीत गेली आणि तिच्याबरोबर एक शब्दसंग्रहही चालला आहे. कमानीच्या प्रत्येक भागाला नाव होते, कापसाच्या प्रत्येक अवस्थेला नाव होते, पिंजण झाल्याची खूण सांगणारे शब्द होते. यातील फार थोडे शब्द कोशांत गेले, कारण कोशकारांचा वावर गादीजवळ अधिक होता.

आपल्या महाविद्यालयांत एम. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात आणि बहुतेक वेळा एखाद्या प्रसिद्ध कादंबरीवर पंचविसावा प्रबंध लिहिला जातो. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा या गावांतील वृद्ध पिंजाऱ्यांकडे आणि वेचणीला जाणाऱ्या बायांकडे वही घेऊन बसणारा एक विद्यार्थी निघाला, तर अहिराणी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या पदरात काही पडेल. कमान अजून काही घरांच्या माळ्यावर असेल. तिची नावे सांगणारी माणसे मात्र फार वर्षे वाट पाहू शकणार नाहीत.