ऱ्हिया पालन

ऱ्हिया पालन म्हणजे ऱ्हिया या दक्षिण अमेरिकेतील न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याचे मांस, कातडी, पिसे व तेल यांसाठी, तसेच पिल्ले आणि उबवणीयोग्य अंडी यांच्या विक्रीसाठी केले जाणारे संगोपन होय. स्पॅनिश भाषेत या पक्ष्यास न्यांदू म्हणतात. पाळण्यासाठी मुख्यतः मोठा ऱ्हिया (ऱ्हिया अमेरिकाना) वापरला जातो. तो अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया व ब्राझील या देशांतील गवताळ प्रदेशांत आढळतो. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची उंची सुमारे दीड मीटर असते.

नैसर्गिक प्रजनन

विणीच्या हंगामात एका नराभोवती अनेक माद्या असतात. त्या सर्व नराने जमिनीवर केलेल्या एकाच घरट्यात अंडी घालतात व नंतर दुसऱ्या नराकडे जातात. त्यामुळे एका घरट्यात साधारणतः २० ते ३० अंडी साठतात. अंडी उबवणे व पिल्ले सांभाळणे ही दोन्ही कामे एकटा नर करतो. अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली, तरी बहुतेक पिल्ले एक-दोन दिवसांच्या अंतराने बाहेर येतात. नर काही महिने त्यांचे रक्षण करतो आणि कळपातून भरकटलेली परकी पिल्लेही स्वीकारतो. त्याच्या या स्वभावाचा उपयोग करून काही ठिकाणी यंत्रात उबवलेली पिल्ले नराच्या स्वाधीन केली जातात.

कृत्रिम उबवण

ताज्या अंड्याचे वजन सुमारे ६०० ग्रॅम असते. त्याचा पिवळसर सोनेरी रंग हळूहळू फिकट पांढरा होत जातो. यावरून अंड्याच्या ताजेपणाचा अंदाज येतो. उबवणयंत्रात तापमान साधारणतः ३६ ते ३६.५ अंश सेल्सिअस ठेवतात, अंडी नियमित फिरवतात आणि प्रकाशासमोर धरून गर्भाची वाढ तपासतात. आर्द्रता योग्य आहे की नाही, हे अंड्याच्या घटत्या वजनावरून ठरवले जाते. यंत्रात पिल्ले सुमारे ३५ ते ४० दिवसांत बाहेर पडतात.

पिल्लांचे संगोपन

पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांना कृत्रिम ऊब द्यावी लागते. घसरडी जमीन, अपुरा व्यायाम व अतिवेगाने वाढ यांमुळे त्यांचे पाय वाकडे होतात. जन्मतः पोटात असलेल्या बलकपिशवीचा संसर्ग आणि खडे, लांब गवत किंवा खिळे गिळल्याने जठर तुंबणे, ही मृत्यूची इतर प्रमुख कारणे होत. म्हणून खडबडीत जमीन, मोकळे फिरणे व स्वच्छ आवार यांना खाद्याइतकेच महत्त्व आहे.

विक्री व बाजारपेठ

नर व मादी पिल्ले बाह्यरूपावरून ओळखता येत नाहीत. त्यामुळे जोडी म्हणून विकण्यापूर्वी गुदद्वाराची तपासणी किंवा जनुकीय चाचणी करावी लागते. उबवणीच्या अंड्यांच्या बाबतीत धोका अधिक असतो, कारण अंडे फलित आहे की नाही हे खरेदीच्या वेळी समजत नाही. शिवाय वाहतुकीतील हादऱ्यांनी गर्भाला इजा पोहोचू शकते.

१९९० च्या दशकात अमेरिकेत शहामृग, एमू व ऱ्हिया यांच्या पालनाची लाट आली. त्या काळात पिल्ले व प्रजननक्षम जोड्या मुख्यतः नव्या पालकांनाच विकल्या जात होत्या. मांसाला पुरेसे ग्राहक नसल्याने नवे पालक येणे थांबताच भाव कोसळले. महाराष्ट्रासह भारतात एमू पालनाच्या बाबतीतही पुढे असाच अनुभव आला. पिल्लांचा भाव अखेरीस मांस व कातडी यांच्या मागणीवरच टिकतो, हे या दोन्ही घटनांतून दिसून येते.

कायदा व पर्यावरण

मोठा ऱ्हिया सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट असल्यामुळे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी परवाना लागतो. शिकार, अंड्यांची चोरी व गवताळ प्रदेशांचे शेतीत झालेले रूपांतर यांमुळे वन्य ऱ्हियांची संख्या घटली आहे. याउलट जर्मनीत २००० च्या सुमारास ल्युबेकजवळील आवारातून निसटलेल्या काही ऱ्हियांची संतती शेकड्यांनी वाढली व पिकांचे नुकसान करू लागली. त्यामुळे पाळीव ऱ्हियांसाठी भक्कम कुंपण ही केवळ मालकाच्या हिताची बाब राहत नाही.