मफकूद : फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे

फिक्हच्या जुन्या किताबांत 'मफकूद'चा एक स्वतंत्र बाब असतो. ज्याची खबर नाही, जो जिवंत आहे की नाही हे कळत नाही, असा माणूस म्हणजे मफकूद. उर्दूच्या वर्गात हा शब्द आला की मला एक मराठी नाव आठवते : विजय वसंत तांबे.

तांबे हवाई दलाच्या 32 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. सुखोई-7 हे त्यांचे विमान सोव्हिएत बनावटीचे, एका आसनाचे, जमिनीवरच्या लक्ष्यावर बॉम्ब आणि रॉकेट टाकणारे. 1971च्या युद्धात अशा विमानांच्या सहा स्क्वाड्रन लढल्या. दिवसाउजेडी, खाली उतरून हल्ला करायचा म्हणजे विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात शिरणे आलेच. त्यामुळे या विमानांचे नुकसानही मोठे झाले.

5 डिसेंबर 1971 रोजी शोरकोटच्या हवाई तळावरील हल्ल्यात तांबे यांचे विमान पडले. सूफी कवी सुलतान बाहू यांच्यामुळे आपल्याला माहीत असलेले, पंजाबातल्या झंग जिल्ह्यातले हेच ते शोरकोट. त्याच सुमारास ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. त्यात एक नाव 'टोम्बे' असे छापले होते.

घरी पत्नी दमयंती होत्या. त्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, 1970च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पकडले म्हणजे जिवंत आहेत, आज ना उद्या परत येतील, हा हिशेब सरळ होता.

युद्ध संपले. भारताच्या ताब्यात सुमारे 93 हजार पाकिस्तानी होते, ते टप्प्याटप्प्याने परत गेले. तिकडूनही भारतीय कैदी आले. त्यांत तांबे नव्हते. 1979 साली लोकसभेत पाकिस्तानच्या तुरुंगांत असल्याचे मानले गेलेल्या सैनिकांची यादी मांडली गेली. पुढे हा आकडा 54 म्हणून रूढ झाला. आपल्याकडे असा एकही कैदी नाही, हे पाकिस्तानचे उत्तर बदलले नाही. 1983 आणि 2007 मध्ये नातेवाईक तिकडचे तुरुंग पाहून आले, रिकाम्या हाताने. दमयंतीबाईंनी दुसरे लग्न केले नाही.

बेपत्ता माणसाचे काय करायचे, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872च्या पुरावा कायद्यानुसार सात वर्षे खबर नसेल, तर माणूस जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येत असे. हनफी फकीहांचे जुने मत फार कडक होते. नवऱ्याच्या वयाची नव्वद वर्षे होईपर्यंत बाईने थांबावे, असेही एक मत होते. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली. 1939च्या कायद्याने चार वर्षे बेपत्ता असलेल्या नवऱ्यापासून निकाह तोडण्याचा हक्क मुस्लिम स्त्रीला दिला. वाट पाहणाऱ्या बाईचे आयुष्यही मोजले पाहिजे, हे आपल्या उलेमांनी त्या काळी ओळखले होते.

पण कायदा फक्त मुदत ठरवतो, खबर देत नाही. मयत झाली तर जनाजा असतो, कबर असते, फातिहा असते. हिंदू घरात दहावे-तेरावे असते. मफकूदच्या घरात यातले काहीच नसते. म्हणूनच कैद्याची खबर त्याच्या घरी पोहोचवणे ही मेहेरबानी नाही, ती अमानत आहे. ती सांभाळताना कैदी कोणत्या मुलखाचा, कोणत्या मजहबचा, हे पाहायचे नसते. शोरकोटला त्या दिवशी काय झाले, हे ज्या कुणाच्या दफ्तरात असेल, त्याच्यावर ते देणे आजही बाकी आहे.