वाडग्याची नाळ

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा रस्ता आहे. नावावरून तांब्याचा दरवाजा डोळ्यांपुढे येतो, पण तिथे ना तांबं, ना दरवाजा. जुन्या नॉर्स भाषेत ‘कोप्पारी’ म्हणजे पेले-वाडगे करणारा आणि ‘गाता’ म्हणजे रस्ता. आपल्याकडे तांबट आळी, तशी ही वाडगेवाल्यांची आळी.

१९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झालं आणि व्हायकिंग वस्तीचे थर वर आले. दमट मातीत हवा पोचली नव्हती, त्यामुळे लाकूड कुजलं नव्हतं. वाडगे सापडले आणि त्यांच्याबरोबर लाकडाचे आखूड, ओबडधोबड खुंट. चुलीत घालावेत असेच. पण रस्त्याचं नाव खोटं नाही, याची साक्ष दिली ती या खुंटांनी. वाडगा कुठूनही विकत आणता येतो; खुंट मात्र जिथे वाडगा कातला तिथेच पडतो.

तो का उरतो, हे वाडगे कातायचा जुना लेथ पाहिल्यावर कळतं. ठोकळ्याच्या तोंडाकडच्या बाजूला एक दांडा ठोकून बसवायचा आणि हे सगळं दोन टोकदार खिळ्यांच्या मध्ये आडवं धरायचं. दांड्याला दोरीचे वेढे. दोरीचं वरचं टोक एका लवचिक काठीला, खालचं पायाखालच्या फळीला. फळी दाबली की ठोकळा कारागिराच्या दिशेने फिरतो. पाय सोडला की काठी दोरी वर खेचते आणि ठोकळा उलटा जातो. ज्यांनी ताक घुसळलंय त्यांना वेगळं समजावायला नको: रवीचीच ही चाल, फक्त एका हाताच्या जागी काठी आली. हत्यार कापतं ते ठोकळा आपल्याकडे येताना. परतताना ते किंचित मागे घ्यायचं. म्हणजे निम्मं फिरणं फुकट. ही चाल जुनी आहे: इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या, इसवीसनापूर्वी सुमारे ३००च्या थडग्यात लेथचं शिल्प आहे. तिथे काठीही नाही; एक माणूस पट्टा ओढतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय.

वाडगा आतून पोखरला तरी दांडा ज्यात रुतलाय तो मधला भाग तसाच ठेवावा लागतो. तो काढला तर फिरणार काय? सगळं झाल्यावर शेवटी ही नाळ तोडायची; तोच हा खुंट.

(मराठीत सूत कातायचं आणि लाकूडही कातायचं, लाकूड कातणारा तो कातारी. संस्कृतात मात्र कापण्याचा आणि सूत काढण्याचा असे दोन निराळे धातू आहेत, दोन्ही ‘कृत्’. मराठीने त्यांना एका घरात नांदवलं. दोन्ही कामांत काहीतरी गरगर फिरतं, म्हणून मला हा संसार शोभतो असं वाटतं.)

लाकूड घ्यायचं ते ओलं. ओलं लाकूड हत्याराखाली लोण्यासारखं जातं, लांबच लांब ढलप्या निघतात. मग वाडगा वाळतो. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही, आडवं मात्र आकसतं, म्हणून कातताना गोल असलेला वाडगा वाळून किंचित लंबगोल होतो. आज दुकानात ‘ग्रामीण’ म्हणून जो बाक दाखवतात, तो शैली म्हणून आलेला नाही. ते नुसतं वाळणं आहे.

पुढे कथलाची आणि मग स्वस्त चिनीमातीची भांडी आली आणि हा धंदा बसत गेला. तरी १५४५मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर खलाशी अजून लाकडी वाडग्यांतच जेवत होते, वाडग्यावर मालकीची खूण कोरून. विसाव्या शतकात बर्कशरमधल्या बकलबरी इथे जॉर्ज लेली हा एक म्हातारा तेवढा उरला. एल्मच्या एकाच ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे वाडगे काढी. त्यासाठीची आकड्यासारखी वाकडी हत्यारं काही बाजारात मिळत नव्हती. १९५८मध्ये तो गेला. त्याच्या हाताखाली कोणी शिकाऊ नव्हता. लेथ आणि हत्यारं रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात गेली.

१९९०च्या दशकात रॉबिन वुड हा कारागीर ती हत्यारं न्याहाळत बसला. गुरू नव्हताच, आकड्याचा बाक आणि धारेचा कोन पाहून त्याने तशीच हत्यारं स्वतः घडवली आणि काठीचा लेथ पुन्हा चालवला. वाडगा उतरला की त्याच्याही पायाशी, ढलप्यांच्या ढिगात, एक आखूड खुंट पडतो.