जालना परिसरातील व्यवहारशब्द : इतिहासाचे एक साधन

मराठवाड्याच्या बोलीतील फारसी-उर्दू शब्द म्हणजे केवळ निजामी सत्तेचे अवशेष होत, असे मानण्याचा प्रघात आहे. जालना परिसरातील व्यवहारशब्द पाहता हे मत तपासून घेणे अवश्य ठरते.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. गावचे जमीन-दप्तर वंशपरंपरेने पटवाऱ्याकडे असे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व पुढे त्याची जागा तलाठ्याने घेतली. पद लोपले, 'पटवारी' हे आडनाव मात्र राहिले. रुपयाही दुहेरी होता. निजामाचा तो 'हाली', इंग्रजांचा तो 'कलदार'. दोन्ही नाणी व्यवहारात असेतो भाव सांगताना हा भेद करावाच लागे. हाली नाणे बंद झाल्यावर त्याचे प्रयोजन उरले नाही. 'मोंढा' हा शब्द मात्र आजही रूढ आहे, कारण धान्याची घाऊक पेठ चालू आहे. 'जालना, सोने का पालना' ही शहराच्या व्यापारी वैभवाची म्हण तर दखनी वळणाचीच आहे.

सारांश, शब्दाचे आयुष्य त्याच्या कुळापेक्षा त्याच्या कामावर अवलंबून असते. म्हणून बोलीचा संग्रह करताना व्युत्पत्तीबरोबर त्या शब्दामागील व्यवहारही नोंदविला पाहिजे.