मिथेनॉल, जस्त आणि शर्यतीनंतरची पाच मिनिटं

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे, ‘तत्त्वज्ञानाच्या माणसाला कार्बुरेटरशी काय घेणंदेणं?’ घेणं आहे, बरं का. आम्ही आयुष्यभर वर्गात वैशेषिकांचे द्रव्य आणि गुण शिकवले. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो, असं मुलं पाठ करायची. आता सांगा, ‘न गंजणं’ हा जस्ताच्या कार्बुरेटरचा गुण आहे का? पेट्रोल भरलं तर आहे. मिथेनॉल भरून आठवडाभर ठेवलं तर नाही. भांडं तेच आहे!

आधी हे मिथेनॉल शर्यतीत आलं कसं ते पाहू. 1930 च्या दशकात युरोपातल्या ग्रां प्री गाड्या अल्कोहोलची मिश्रणं पीत होत्या. मिथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड आणि दाट होते, इंजिन जास्त ताकद देतं आणि ठोकतही नाही. फॉर्म्युला वनने 1958 पासून विमानाचं पेट्रोल सक्तीचं केलं आणि तिथला तो अध्याय संपला.

अमेरिकेत मात्र उलट झालं, आणि त्याला कारण एक अपघात. 30 मे 1964, इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत. दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आदळली, पेट्रोलचा भडका उडाला आणि मागून येणारी एडी सॅक्सची गाडी त्यात शिरली. दोघेही गेले. त्यानंतर नियम बदलले, पेट्रोल मागे पडलं आणि मिथेनॉल रूढ झालं. मिथेनॉलची आग पाण्याने विझवता येते, तिची धगही कमी. (तिची ज्वाला उन्हात दिसत नाही, हा दुसरा धोका. 1981 साली रिक मिअर्स त्याच इंडियानापोलिसला पिटमध्ये भाजला, तेव्हा तो जळतोय हेच आसपासच्यांना पटकन कळेना.)

म्हणजे माणसं वाचावीत म्हणून इंधन बदललं. आणि गंज सुरू झाला.

इंडियानापोलिसच्या मोठ्या गाड्यांत तोवर फ्युएल इंजेक्शन आलं होतं. पण मातीच्या छोट्या लंबगोल धावपट्ट्यांवर आणि ड्रॅग रेसिंगमध्ये कार्बुरेटर टिकून राहिला. त्याची घडण बघा. अंग जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या ओतकामाचं, त्यात पितळेचे जेट पेचाने बसवलेले. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून. शाळेत आपण लिंबात तांबं आणि जस्त खोचून घट करायचो, आठवतंय? पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ही जोडी त्यात वर्षानुवर्षं सुखाने नांदते. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्या पाण्यात थोडे क्षार मिसळले की त्यातून वीज वाहू लागते. मग फ्लोटच्या वाटीत लिंबाचाच प्रयोग चालू होतो. झिजतं ते जस्त. पांढरी भुकटी धरते, कधी बुळबुळीत थर साचतो.

इथे एक गंमत आहे. पाणी काढून टाकलं की प्रश्न सुटला, असं वाटेल. पण अगदी कोरडं मिथेनॉल मॅग्नेशियमला थेट खातं, गरम झालं तर अॅल्युमिनियमलाही. त्या धातूंवरचा संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा टिकायला किंचित पाणी लागतं. पाणी फार झालं तरी वाईट, अजिबात नसलं तरी वाईट.

आणि ही भुकटी म्हणजे नुसती घाण नव्हे. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, एक किलो मिथेनॉलला 6.4. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन सोडावं लागतं, त्यासाठी जेट आणि वाटा मोठ्या कराव्या लागतात. त्यात भुकटीचा कण अडकला की इंधन कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टनला भोक पडतं, तेही पूर्ण वेगात.

यावर शर्यतवाल्यांनी काढलेला उपाय साधा होता, त्याला सवय म्हणतात. शर्यत संपली की मिथेनॉल पूर्ण काढायचं, थोड्या पेट्रोलवर इंजिन पाच मिनिटं चालवायचं, वाट्या रिकाम्या करायच्या, तोंडातून हलकं तेल फवारायचं. इंधनाचा पिंप घट्ट बंद ठेवायचा. जिंकलेल्या रात्री हे कोण करणार, हा खरा प्रश्न! लेपही होते. अॅल्युमिनियमवर अॅनोडायझिंग चालतं, जस्तावर ते नेहमीच्या पद्धतीने जमत नाही. जस्ताच्या कार्बुरेटरला सोनेरी झाकेचा क्रोमेट लेप असतो. तो पेट्रोलला पुरतो, मिथेनॉलपुढे फार काळ तग धरत नाही.

सवयीवर विसंबायचं नाही, हे ब्राझीलने ठरवलं. तिथे 1975 साली उसाच्या अल्कोहोलची सरकारी योजना आली आणि 1979 मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट 147 रस्त्यावर आली. ते इथेनॉल पाणी असलेलंच होतं. ऑफिसला जाणारा माणूस रोज रात्री कार्बुरेटर धुणार का? मग जस्ताच्या कार्बुरेटरला निकेलचा मुलामा दिला. विजेविना, रासायनिक पद्धतीने दिलेला मुलामा बारीक वाटांच्या आतपर्यंत पोचतो. फक्त त्याला ओरखडा पडता कामा नये. निकेल स्वतः गंजत नाही, पण ओरखड्यातून उघड्या पडलेल्या जस्ताला अधिक वेगाने झिजायला लावतं.

आमचा स्वतःचा कल शर्यतवाल्यांकडे आहे, हे कबूल करतो. लेप दिला की माणूस आत बघायचं सोडून देतो. पण लाखो गाड्यांचा प्रश्न असेल तर ब्राझीलचंच बरोबर, तिथे आमचा कल चालत नाही.

आता आपल्याकडे इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये आलं आहे. निव्वळ मिथेनॉलइतकं ते जहाल नाही, पण पाणी तेही ओढतं. तुमच्यापैकी कुणाची कार्बुरेटरवाली जुनी स्कूटर पावसाळाभर जिन्याखाली उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या आणि मगच झाकण घाला.