आधी कान, मग कळ

श्रोतेहो, विठ्ठलवाडीच्या फलाटावर क्षणभर डोळे मिटून उभे राहा. कल्याणकडून येणाऱ्या गाडीची धडधड, पाठोपाठ माणसांचा गलका. हे आवाज आज शाळकरी मूलही संगणकावर टिपते, कापते, जोडते. २००० साली निघालेले ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. पण नवशिक्याला कळ सापडली, की जो तो आवाज घुमवावासा वाटतो!

गुरुजी, अशा मुलाला १९३७ सालची गोष्ट सांगा. पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’ काढला. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा हार मानत नाही, ही ना. ह. आपट्यांची कथा. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. म्हणजे मराठी बोलपट अवघा पाच वर्षांचा. केशवराव भोळ्यांसारखे जाणते संगीतकार हाताशी होते. तरीही ‘कुंकू’त पार्श्वसंगीत टाळले आणि घरादारातले खरे आवाजच ठेवले. का बरे? वाद्यांनी रडवले, की प्रेक्षक रडून मोकळा होतो. घड्याळाची टिकटिक ऐकली, की तोही नीरेबरोबर त्या घरात कोंडला जातो.

तेव्हा पहिला धडा संगणकाविना द्या. दिवसभरात ऐकलेले दहा आवाज मुलांना वहीत लिहू द्या. मग एकच आवाज टिपायचा. त्यात काय घालावे, हे मागाहून. काय घालू नये, हे आधी. यंत्र बदलेल, पण तयार झालेला कान जन्मभर पुरेल.